मैदानाची भिंत आणि वार्ताहराची लेखणी

आपल्या समाजात खेळाडूचा सत्कार होतो. पदक मिळवून आलेल्या मुलाची मिरवणूक निघते, विहारात त्याला पुष्पगुच्छ दिला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र खेळाविषयी लिहिणाऱ्या माणसाचा आपण कधी गौरव केला आहे काय? खेळावरचे लेखन ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांनाही वाटते. या स्मरणिकेच्या वाचकांसमोर मी मुद्दाम एका क्रीडा पत्रकाराचे चरित्र ठेवीत आहे. त्याचे नाव वेंडेल स्मिथ. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना ज्या मैदानावर साठ वर्षांहून अधिक काळ पाऊल ठेवता आले नव्हते, त्या मैदानाचे दार उघडण्यात या माणसाच्या लेखणीचा वाटा फार मोठा होता. दाराआत शिरणाऱ्या खेळाडूचे नाव जगाला ठाऊक आहे; दाराशी दहा वर्षे लिहीत राहिलेल्याचे नाव थोड्यांनाच ठाऊक आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, त्यांचे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन करणार होते त्याची प्रत मागविली होती. दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांना स्पष्ट दिसत होते. नेमक्या त्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण मॉन्ट्रियलच्या संघातून गोऱ्यांबरोबर बेसबॉल खेळत होता आणि वेंडेल स्मिथ त्याच्यासोबत गावोगाव फिरत होता.

बेसबॉल हा अमेरिकेचा जीव की प्राण. आपल्याकडे क्रिकेटला जे स्थान आहे, ते तिकडे या खेळाला आहे. त्याच्या सर्वोच्च पातळीला ‘मेजर लीग’ म्हणतात. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या पातळीवर खेळला. त्यानंतर १९४७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला उघडपणे तेथे प्रवेश मिळाला नाही. विशेष म्हणजे अशा बंदीचा लेखी नियम कोठेही नव्हता. खेळाचे सर्वाधिकारी न्यायमूर्ती लँडिस यांनी १९४२ मध्ये जाहीरपणे सांगितले की, आमच्याकडे असा कोणताही नियम नाही, संघमालकांनी हवा तो खेळाडू घ्यावा. आणि तरीही कोणी घेत नव्हते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. महाडच्या चवदार तळ्यावर तरी कोणता फलक लावलेला होता? उलट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला होता, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते. कागदावर परवानगी होती आणि पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. म्हणून २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. अलिखित बंदीचे बळ याच गोष्टीत असते की, ती कोणीच मान्य करीत नाही. तिच्याशी लढण्यासाठी प्रथम ती लिहून काढावी लागते, पुराव्यानिशी लोकांपुढे मांडावी लागते. वेंडेल स्मिथने हेच काम केले.

त्याचा जन्म १९१४ मध्ये डेट्रॉइट शहरात झाला. वडील मोटारउद्योजक हेन्री फोर्ड यांच्याकडे आचारी होते. मुलगा उत्तम चेंडू फेकणारा खेळाडू निघाला. तरुणपणी एका महत्त्वाच्या सामन्यात त्याने आपल्या संघाला एक विरुद्ध शून्य असा विजय मिळवून दिला. सामना संपल्यावर व्यावसायिक संघाचा एक पारखी पुढे आला. त्याने स्मिथच्याच संघातील गोऱ्या सहकाऱ्याशी करार केला आणि स्मिथला सांगितले की, तुलाही घेतले असते, पण ते मला शक्य नाही. ज्याच्या हाताने सामना जिंकला त्याला कातडीच्या रंगाने बाद केले. मैदानावर जाता येत नसेल, तर या अन्यायाविरुद्ध आपल्याला जे करता येईल ते करायचे, असा निश्चय त्याने त्या दिवशी केला, असे तो पुढे सांगत असे. वेस्ट व्हर्जिनियातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन तो १९३७ मध्ये ‘पिट्सबर्ग कूरियर’ या साप्ताहिकात दाखल झाला.

हे साप्ताहिक कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालविलेले होते. आगगाडीच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे कृष्णवर्णीय कामगार त्याचे गठ्ठे दक्षिणेकडील राज्यांत पोहोचवीत, कारण तेथे अशी पत्रे उघडपणे विकणे धोक्याचे होते. पुढे त्याचा खप साडेतीन लाखांपर्यंत गेला. आपल्याला यावरून ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायका’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला जागा नसते म्हणून आपले पत्र काढावे लागते. हा अनुभव पिट्सबर्गचा आणि मुंबईचा एकच आहे.

स्मिथने पहिला प्रहार केला तो स्वतःच्या समाजावर. १९३८ मधील एका लेखात त्याने आपल्या बांधवांना खडसावून विचारले की, जेथे आपल्या मुलांना खेळू देत नाहीत, त्या मैदानांवर तिकिटे काढून तुम्ही गर्दी कशासाठी करता, आणि आपल्या स्वतःच्या संघांचे सामने ओस का टाकता? असे लिहिणे सोपे नसते. वाचकच रागावतो, खप घटण्याची भीती असते. परंतु समाजाची खुशामत करणारा पत्रकार समाजाच्या कामाचा नसतो, हे त्याला कळत होते.

दुसरे पाऊल याहून महत्त्वाचे आहे. ‘आमच्या गोऱ्या खेळाडूंना कृष्णवर्णीय सहकारी चालणार नाहीत’ अशी सबब संघमालक नेहमी पुढे करीत. ही सबब खरी आहे काय, हे कोणी तपासले नव्हते. स्मिथला मैदानावरील पत्रकार कक्षात प्रवेश नव्हता. बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेने त्याला सदस्यत्व नाकारले होते. म्हणून तो पिट्सबर्गमधील ज्या हॉटेलात बाहेरगावचे संघ उतरत, तेथे जाऊन बसला. १९३९ मध्ये त्याने नॅशनल लीगमधील ४० खेळाडू आणि आठही संघांचे व्यवस्थापक यांना एकेक करून गाठले आणि सरळ प्रश्न विचारला. त्यांतील बहुसंख्यांनी सांगितले की, आमची हरकत नाही. काहींनी तर कृष्णवर्णीय खेळाडूंची नावे घेऊन प्रशंसा केली. ही उत्तरे त्याने नावानिशी क्रमाक्रमाने छापली. मालकांची सबब मालकांच्याच नोकरांच्या तोंडून खोटी ठरली. संशोधनाची साधने हातात नसलेल्या पंचवीस वर्षांच्या वार्ताहराने केलेले हे काम मी इतिहासाच्या वर्गात ‘साधन कसे उभे करावे’ याचे उदाहरण म्हणून सांगत असतो. त्याने घोषणा दिली नाही, शिवी दिली नाही, साक्षी नोंदविल्या.

१९४५ मध्ये त्याला एक फट दिसली. बॉस्टनमध्ये रविवारचे सामने भरविण्यासाठी नगरपरिषदेची एकमताने परवानगी लागे. इझाडोर मुचनिक या नगरसेवकाने कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घ्या, नाहीतर माझे मत मिळणार नाही, असा पेच टाकला. स्मिथने त्याच्याशी संपर्क साधला आणि ‘कूरियर’च्या खर्चाने जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो व मार्व्हिन विल्यम्स या तिघांना घेऊन तो बॉस्टनला गेला. १६ एप्रिल १९४५ रोजी फेनवे पार्कवर चाचणी झाली. तिघेही उत्तम खेळले. त्यानंतर बॉस्टन रेड सॉक्स संघाने त्यांना कधीच बोलावले नाही. (हाच संघ पुढे १९५९ मध्ये, सर्वांत शेवटी, कृष्णवर्णीय खेळाडू घेता झाला.) परतीच्या वाटेवर स्मिथ ब्रुकलिनमध्ये थांबला आणि ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांना भेटला. त्या भेटीत त्याने रॉबिन्सनचे नाव सुचविले.

रॉबिन्सनच का? तो कृष्णवर्णीयांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू नव्हता, हे स्मिथ मान्य करीत असे. परंतु तो विद्यापीठात शिकलेला होता, गोऱ्यांबरोबर खेळलेला होता, सैन्यात अधिकारी होता. बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिल्याबद्दल १९४४ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला झाला होता आणि त्यातून तो निर्दोष सुटला होता. येणारी शिवीगाळ सहन करीत खेळण्यासाठी नुसते कौशल्य पुरणार नाही, शिक्षण आणि स्वाभिमान या दोहोंची जोड लागेल, ही पारख एका वार्ताहराने केली होती. १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरला. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २९ एप्रिल रोजी, आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण एकाच महिन्यात पृथ्वीच्या दोन टोकांना दोन जुन्या भिंतींना तडे गेले, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

१९४६ व १९४७ या दोन वर्षांत स्मिथ रॉबिन्सनच्या सावलीसारखा राहिला. हॉटेले रॉबिन्सनला खोली देत नसत. स्मिथ कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी दोघांची सोय करी. फ्लोरिडातील सॅनफर्ड गावी धमकी मिळाल्यावर सर्वांना तातडीने गाव सोडावे लागले. पत्रकार कक्ष बंद असल्यामुळे स्मिथ प्रेक्षकांत बसून मांडीवर टाइपरायटर घेऊन बातमी लिही. रॉबिन्सनच्या नावाने ‘कूरियर’मध्ये येणारा स्तंभही त्यानेच लिहिला आणि १९४८ मध्ये ‘जॅकी रॉबिन्सन : माय ओन स्टोरी’ हे आत्मकथन शब्दबद्ध केले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या काळात डॉजर्स संघ स्मिथला आठवड्याला ५० डॉलर देत होता. ज्या संघाविषयी लिहायचे त्याच संघाकडून मोबदला घ्यायचा, हे आजच्या पत्रकारितेच्या कसोटीला उतरत नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र तो घेणाऱ्याने एवढे पाहावे की, ज्या व्यवसायाने स्मिथला आपल्या कक्षाच्या उंबरठ्यावरही उभे केले नाही, त्या व्यवसायाचे नियम त्याला लावले जात आहेत. शिवाय तो संघाचा भाट झाला नाही. पुढे रॉबिन्सनवरही त्याने उघड टीका केली आणि दोघांत काही काळ अंतर पडले. आपल्या माणसाला मोठे करणे आणि तो मोठा झाल्यावरही त्याची चूक दाखविणे, ही दोन्ही कामे त्याने केली. आपल्याकडे पहिले काम करणारे पुष्कळ आहेत, दुसरे करणारे दुर्मीळ आहेत.

१९४८ या वर्षाशी आपलाही एक धागा जुळतो. त्याच वर्षी पळवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. विठ्ठल हे बाळू पळवणकरांचे धाकटे बंधू. बाळू पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामापासून वर आले, हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. ज्या सहकाऱ्यांना ते सामने जिंकून देत, ते मात्र चहाच्या वेळी त्यांना वेगळे बसवून मातीच्या भांड्यात चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले, हेही खरे. परंतु राजकीय मतभेदामुळे त्यांच्या गोलंदाजीचा इतिहास आपला नाही, असे होत नाही.

बाळूंची कारकीर्द मोठी होती. तिच्यामागे वेंडेल स्मिथ नव्हता. त्यांच्या बळींची संख्या छापणारे होते. मातीच्या कपाची बातमी आठवड्यामागून आठवडा लावून धरणारा वार्ताहर आपल्यातून निर्माण झालेला नव्हता, कारण तेव्हा आपल्याला अक्षरच नुकते मिळत होते. विठ्ठल यांनी आपले जीवन स्वतः लिहून ठेवले म्हणून पुष्कळ काही वाचले. २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा पळवणकर बंधूंची कथा देशभर पोहोचली. त्यांचे उपकार मानूनही विचारावेसे वाटते : विठ्ठल यांचे पुस्तक आपल्या किती वसतिगृहांच्या ग्रंथालयांत आहे?

स्मिथच्या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रॉबिन्सनच्या पाठोपाठ गुणी खेळाडू गोऱ्यांच्या संघांत गेले. कृष्णवर्णीयांनी स्वकष्टाने उभ्या केलेल्या निग्रो लीगचे प्रेक्षक आटले. निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. ज्या कृष्णवर्णीय संघातून रॉबिन्सनला नेले, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला मोबदला म्हणून एक छदामही मिळाला नाही. दार उघडले आणि आपले घर रिकामे झाले. आरक्षणाने नोकरीत गेलेल्या आपल्या पिढीला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तीतला शिकलेला माणूस शहरात गेला, त्याची प्रगती झाली. वस्तीतल्या वाचनालयाला मात्र कुलूप लागले.

मग स्मिथने दार उघडायलाच नको होते काय? माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. कोंडून ठेवलेल्या आवारातील वैभव हे वैभव असले तरी कोंडवाड्यातले असते. प्रश्न दाराचा नाही. दारापलीकडे गेलेला माणूस पुढे काय करतो, याचा आहे. स्मिथ स्वतःही पलीकडे गेला. रॉबिन्सनच्या पदार्पणानंतर शिकागोतील गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकात त्याला नोकरी मिळाली आणि १९४८ मध्ये ज्या संघटनेने त्याला नाकारले होते तिचे सदस्यत्वही मिळाले. तेथे तो सुखाने धावसंख्या लिहीत निवृत्त होऊ शकला असता. परंतु १९६१ मध्ये त्याने पुन्हा मोहीम उघडली. कृष्णवर्णीय खेळाडू आता मेजर लीगचे मानकरी होते, तरी फ्लोरिडातील सराव शिबिरांत त्यांना संघाच्या हॉटेलात राहू देत नसत. मैदानात बरोबरीचे, जेवणाच्या वेळी वेगळे! स्मिथने ‘शिकागो अमेरिकन’ या दैनिकातून हा अन्याय पुन्हा पुन्हा मांडला. शेवटी शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या मालकांनी सारासोटा येथील एक हॉटेलच विकत घेतले, म्हणजे सर्व खेळाडू एका छताखाली राहू शकतील. माणूस मोठ्या दैनिकात गेला, पण लेखणी जुनीच घेऊन गेला.

२४ ऑक्टोबर १९७२ रोजी रॉबिन्सनचे निधन झाले. स्मिथ स्वतः कर्करोगाने आजारी होता. त्याने मित्राचा मृत्युलेख लिहिला आणि महिन्याभरानंतर, २६ नोव्हेंबरला, तोही गेला. १९९३ मध्ये त्याला बेसबॉल लेखनाचा सर्वोच्च पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. तो पुरस्कार जे. जी. टेलर स्पिंक यांच्या नावाचा होता. स्पिंक हे मोठे संपादक. १९४२ मध्ये त्यांच्याच पत्राने वंशभेदाचा प्रश्न उकरून काढण्यात कोणाचेच हित नाही, असा अग्रलेख लिहिला होता. म्हणजे ज्यांनी भिंतीचे समर्थन केले त्यांच्या नावाचे पदक भिंत पाडणाऱ्याला मिळाले. २०२१ मध्ये वार्ताहर संघटनेने त्या पुरस्कारावरून स्पिंक यांचे नाव काढून टाकले. इतिहास उशिरा का होईना दुरुस्त होतो. मात्र दुरुस्तीला आधार लागतो तो जुन्या अंकांत कोणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुराचा.

आता आपल्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच एका वसतिगृहातील मुलींनी खो-खोचा जिल्हास्तरीय अंतिम सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात पराभूत संघाच्या कर्णधाराचे छायाचित्र आणि मुलाखत होती. विजेत्यांचा उल्लेख ‘वसतिगृहातील मुली’ एवढाच. नाव एकीचेही नव्हते. मी त्या सामन्याला हजर होतो. शेवटच्या डावात एका मुलीने खांबाला वळसा घालून ज्या चपळाईने गडी बाद केला, त्याचे वर्णन आज कोठेही वाचायला मिळणार नाही. ती मुलगी आता आई झाली असेल. तिच्या मुलांना दाखवायला तिच्याजवळ एक प्रमाणपत्र आहे, गोष्ट नाही.

यावर दैनिकाला निषेधाचे पत्र पाठविता येते. पण त्याहून टिकाऊ उपाय आपल्या हातात आहे. आपल्या शाळांत मुलांची विभागणी फार लवकर होते : हा अभ्यासातला, तो मैदानातला. अभ्यासातल्याने मैदानाकडे पाहायचे नाही आणि मैदानातल्याने वहीला हात लावायचा नाही. ही नवी वर्णव्यवस्था आपणच का पोसावी? स्मिथ मैदानातला होता म्हणूनच चांगला लिहू शकला. आपल्या विद्यालयाचा संघ जेथे खेळायला जाईल, तेथे त्याच्याबरोबर एक विद्यार्थी वार्ताहर जावा. त्याने प्रत्येक खेळाडूचे पूर्ण नाव, गाव, सामन्यातील क्षण आणि कोणी पंक्तिभेद केला असेल तर तोही, तारीखवार लिहावा. तो मजकूर भित्तिपत्रकावर लागावा, वर्षअखेर बांधून ग्रंथालयात ठेवला जावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे पत्रकारितेत, प्राध्यापकीत, शासनसेवेत आहेत, त्यांनी वर्षातून एकदा येऊन या मुलांचे लेखन तपासावे. याला निधी लागत नाही. एक वही लागते आणि आपल्या माणसाचा पराक्रम आपणच नोंदवायचा ही सवय लागते.

‘शिका’ या शब्दाचा अर्थ आपण नोकरीपुरता करून घेतला आहे. बाबासाहेबांनी एकामागून एक चार पत्रे चालविली, ती नोकरी मिळावी म्हणून नव्हे. आपल्याविषयी कोण लिहिणार, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्याच्या मर्जीवर सोडला नाही. आपल्या विद्यालयातून उद्या राष्ट्रीय संघात एखादा खेळाडू जाईल, अशी मला खात्री आहे. त्याच्या शेजारी, मांडीवर वही घेऊन बसलेला आपलाच एक वार्ताहर असावा, एवढी अपेक्षा आहे.

जय भीम!